महानंदा काकूचा अंदाज

बावीस वर्षं झाली मला निलंग्यात केबलचा धंदा करून. ह्या बावीस वर्षांत मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या एस.टी.च्या कंडक्टरनंही खाल्ल्या नसतील. चित्र दिसेना म्हणून शिव्या दिल्या तर समजू शकतो. पण मालिकेतली सून मेली म्हणून मला शिव्या? लोकांना वाटायचं, गोष्ट माझ्याच हापिसातून सुटते. मी इकडं बटन दाबतो आणि तिकडं कुणाचा तरी नवरा मरतो. रिटायर झालेले अण्णाराव गुरुजी तर एकदा चक्क अर्ज घेऊन आले. दिवाळीनंतर त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा मालिकेतल्या त्या हरामखोर दिराला दिवाळीच्या आत शिक्षा व्हावी, ही नम्र विनंती. खाली सही आणि तारीख. मी अर्ज ठेवून घेतला. काय करता, गुरुजींनी मला चौथीला शिकवलेलं.

असे नग गावात लई. पण महानंदा काकूसारखी मालिका बघणारी बाई मी दुसरी बघितली नाही. तिचं सांगायला बसलो तर मला माझ्याही दोन-चार वाईट गोष्टी सांगाव्या लागतात, म्हणून इतके दिवस गप होतो.

नीलकंठेश्वराच्या देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर. काकूचे मालक वैजनाथअप्पा, बाजारात त्यांचं खिळे-पत्र्याचं दुकान. अप्पा म्हणजे गरीब गाय. काकू बोलायला लागली की ते चष्मा पुसायला घ्यायचे आणि तिचं संपेपर्यंत पुसत बसायचे. घरात अप्पांची आई शिवकांताबाई, नव्वदी ओलांडलेली, कानानं ठार बहिरी. आणि एकुलता एक मुलगा श्रीशैल, बापाबरोबर दुकान सांभाळणारा, तेव्हा सव्वीस वर्षांचा. तो आजीचा लई लाडका. आजीला ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघं हातवारे करून बोलायचे आणि काय बोलायचे कोण जाणे, खिदळत बसायचे. उदगीरच्या वर्षाराणी नावाच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरली होती, कुंकू लागलं होतं.

आता काकूची करामत ऐका. गल्लीतल्या बाया मालिकेत साड्या बघायच्या, दागिने बघायच्या, सासू कशी मुरडते ते बघायच्या. काकू चोर बघायची. घरात खून झाला, दागिना गेला, कुणी कुणाला विष घातलं, की काकू चार-पाच भाग नुसती बघायची आणि मग सांगायची, अमक्यानं केलं. आणि दोन-तीन महिन्यांनी तोच निघायचा. तिचे ठरलेले नियम होते. जी सून पहिल्या दिवशी सासूचे पाय चेपते ती सहा महिन्यांत घर फोडते. ज्याला कारण नसताना देवापुढं उभा केलाय तो खोटा. आणि सगळ्यात मोठा नियम, मढ्यापाशी जो सगळ्यात जास्त रडतो त्यानंच केलेलं असतं. वाईट माणूस पुढं सुधारला असं दाखवलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला फोन करायची, "मल्लू, पहिल्या भागात जो चोर तो शेवटपर्यंत चोर. माणूस बदलत नसतं. ह्यांना काही कळत न्हाई."

नऊ-दहा वर्षांखाली सावंतांच्या बंगल्याची एक मालिका होती. म्हातारे सावंत जिन्यावरून पडून मरतात आणि त्यांना ढकललं कोणी, ह्यावर सगळी मालिका. सगळा निलंगा म्हणायचा, वकिलानं ढकललं. मोमीनपुऱ्यातली एक आपा मला रोज फोन करून सांगायची की नरसबाईच है, लिख के लेव. काकू म्हणाली, धाकटा लेक. का, तर सावंतांच्या मढ्यावर पडून तोच सगळ्यात जास्त रडला. तीन आठवड्यांनी धाकटा लेकच निघाला. गावात काकूच्याच घरी बारसं झाल्यासारखं वातावरण. बाया तिला भेटायला आल्या, पेढे घेऊन.

तेव्हा माझं एक लोकल चॅनल होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कपड्याच्या दुकानाच्या जाहिराती, कुणी वारलं तर फोटो, असलं सगळं त्यावर चालायचं. मला वाटलं, काकूला बसवू. शनिवारी संध्याकाळी सात वाजता. मागं निळा पडदा लावला, पुढं प्लास्टिकची खुर्ची. कार्यक्रमाला नाव दिलं, 'महानंदा काकूचा अंदाज'. मी विचारायचा, काकू, ह्या आठवड्यात कोण? काकू पदर सावरायची, जरा वेळ घ्यायची आणि नाव सांगायची. खरं सांगतो, माझ्या चॅनलवर लोकांनी दुसरं काहीही इतकं बघितलं नाही. बाजारात पोरी तिला बोटानं दाखवायच्या. भाजीवाली तिला कोथिंबीर जास्त द्यायची. कुणाच्या घरी पातेलं हरवलं तरी लोक चेष्टेनं म्हणायचे, काकूला विचारा. पुढं पुढं त्यातली चेष्टा कमी होत गेली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी मी कार्यक्रम बंद केला नसता.

मग शिवकांताबाई गेल्या. सकाळी नऊच्या सुमाराला, चहाची बशी हातात असताना. वयच होतं. पण श्रीशैल असा रडला की विचारू नका. आम्हा लिंगायतात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, जन्मभर गळ्यात कापडात बांधलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर देतात आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. संध्याकाळपर्यंत आजीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. तेवढा सगळा वेळ हा पोरगा तिच्या पायाशी. पाणी प्यायला नाही. दोघा-तिघांनी धरून उठवावं लागलं. मी तिथंच होतो, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी काकूच्या ध्यानात आलं की आजीची बोरमाळ नाही. जुन्या सोन्याची, मधे लाल खडा असलेली. आजीच्या गळ्यात कायम असायची, शेवटचे चार-सहा महिने कधी दिसायची, कधी नाही. पेटी बघितली, गादी उसवली, धान्याच्या कणग्या उपसल्या. मातीला आलेल्यांपैकी कुणी आजीच्या पेटीपाशी गेलं नव्हतं, घरात कामवालीही नव्हती. अप्पांचं म्हणणं होतं की जाऊ द्या, म्हातारीनं कुठं ठेवली असंल, सापडंल. हे म्हणताना ते चष्मा पुसत होते.

तिसऱ्या दिवशी घरी माणसं जमली. पै-पाहुणे, गल्लीतले, उदगीरहून वर्षाराणीचे आई-वडील. जेवणं झाली आणि बोलणं बोरमाळेवर आलं. कुणीतरी, बहुतेक अप्पांच्या चुलतभावानं, हसत हसत म्हटलं की महानंदा, आता तुझाच अंदाज सांग. काकूनं पदर सावरला. माझ्या खुर्चीत बसून सावरायची तसाच. आणि म्हणाली, "मढ्यापाशी सगळ्यात जास्त कोण रडलं ते बघा. म्हंजे कळंल."

सगळ्यांच्या माना श्रीशैलकडं वळल्या. तो आधी हसला. त्याला वाटलं आई गंमत करतीय. मग काकूचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"आई, तू माझ्याकडं बघून बोलायलीस का टीव्हीकडं?"

"मी आजवर कधी चुकले का? विचार मल्लूला."

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी पान लावत होतो. मला त्या वेळी दोन शब्द बोलता आले असते. काकू, ती मालिका आहे, हे तुमचं पोरगं आहे, एवढं बोलायला काही वकिली लागत नाही. पण चार माणसांत आपल्याला विचारलं ह्याचं मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, "न्हाई, काकूचा अंदाज आजवर चुकला न्हाई." आणि वर हसलो.

बस्स. एवढंच झालं. कुणी पोलिसात गेलं नाही, कुणी त्याच्यावर हात उचलला नाही. आठ दिवसांत उदगीरचा निरोप आला की मुलीची पत्रिका पुन्हा दाखवली, ती जुळत नाही. दुकानात आलेली माणसं श्रीशैल गल्ल्याकडं गेला की त्याच्या हाताकडं बघायची. अप्पांनी एकदा तोंड उघडलं म्हणतात, की पोराला निदान नीट विचार तरी. काकूनं विचारलं नाही. तिला विचारायची गरजच नव्हती, तिला कळलेलं होतं. महिन्याभरात श्रीशैलनं एक बॅग भरली आणि नांदेडला गेला. तिथं औषधांच्या एका एजन्सीत गाडीवर माल पोचवायचं काम धरलं. तो गेला त्या दिवशी काकू मला म्हणाली, बघ, निर्दोष असता तर घर सोडून गेला असता का? मी म्हणालो, हाव काकू. आणि पुढच्या शनिवारी तिला परत निळ्या पडद्यापुढं बसवलं. पुढं पाच-सहा महिने कार्यक्रम चालला. माझी लाज तेव्हा कुठं शेण खायला गेली होती, मलाच माहीत नाही.

नंतर लोकांच्या हातात मोबाईल आले, माझं लोकल चॅनल बसलं, अर्ध्या गावानं केबल तोडली. शिव्या देणारेही कमी झाले, आणि तुम्हाला पटणार नाही, पण त्याचंही वाईट वाटतं. अप्पा मात्र दर महिन्याला माझ्या हापिसात यायचे. घरून फोन केला तर काकूला कळंल, म्हणून माझ्या फोनवरून श्रीशैलशी बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, तब्येत विचारायचे, पाऊस सांगायचे. त्याला लग्नाचं एकदा विचारलं तर तो म्हणाला, अप्पा, मुलगी बघायला गेलो की ते आधी निलंग्यात चौकशी करतात. त्यानंतर अप्पांनी तो विषय काढला नाही. ह्याच फोनमुळं माझं आणि पोराचं बोलणं चालू राहिलं. मला तो कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तीन-चार वर्षांखाली एक नवी मालिका आली. त्यात घरातला धाकटा मुलगा तिजोरी फोडतो, बाप त्याला हाकलून देतो आणि शे-दीडशे भागांनंतर कळतं की चोरी त्यानं केलीच नव्हती. तो परत येतो आणि त्याची आई उंबऱ्यात त्याच्या गळ्यात पडते. रविवारी दोन तासांचा भाग दाखवला होता. गावातल्या बाया रडून रडून लाल झाल्या. मोमीनपुऱ्यातल्या आपाचा फोन आला, रडत होती, म्हणाली, कित्ता अच्छा बच्चा था रे. त्या रात्री गावात एकच माणूस असं होतं की ज्यानं तो भाग अर्ध्यात बंद केला. सकाळी काकू स्वतः हापिसात आली. आठ वाजता, न चहा पिता. म्हणाली, "मल्लू, माझी वायर काढून टाक. खोटं दाखवायलेत." मी म्हणालो, काकू, गोष्टच ती. तर म्हणाली, पहिल्या भागात त्याच्या डोळ्यांत चोरी होती, मी बघितली होती, आता लोकांना आवडतोय म्हणून त्याला चांगला केला. तिचा आवाज चढला होता. मी पोरगं पाठवून वायर काढली. मला तेव्हाच कळलं होतं की तिला काहीतरी टोचलंय, पण ते उकरायची हिंमत माझ्यात नव्हती. उकरलं असतं तर त्यात मीही निघालो असतो ना.

गेल्या श्रावणात अप्पा गेले. दुकानात, खिळे मोजून देताना, खुर्चीवरच. श्रीशैलला मी कळवलं. नांदेडहून तो दुपारी तीनला पोचला. आठ वर्षांनी. केस पिकलेले, गाडीवर उन्हात फिरून काळा पडलेला. काकू त्याच्याकडं बघत राहिली, तो बापाकडं बघत राहिला. श्रीशैल रडायला लागला तेव्हा तोंडावर रुमाल धरून, भिंतीकडं तोंड करून रडला. पोरगं आपल्या बापाला मोकळेपणानं रडायलाही भीत होतं.

रुद्रभूमीत अप्पांची जागा त्यांच्या आईच्या शेजारी धरली होती. आमच्यात खड्डा नुसता खाली खणत नाहीत. खाली गेल्यावर बाजूला कोनाडा कोरतात आणि त्यात माणसाला बसवतात. पावसानं काळी माती भुसभुशीत झालेली. कोनाडा कोरताना बाजूची माती ढासळली आणि शिवकांताबाईंच्या खड्ड्यात भोक पडलं. खणणारा ओरडला, थांबा, म्हातारीचं आलं. मातीबरोबर त्यांच्या हातातलं लिंग खाली आलं होतं, त्याभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या चिंध्या होत्या, आणि त्या चिंध्यांत पिवळे मणी. बारा-पंधरा मणी. दोरा कुजून गेलेला. एक लाल खडा.

रेवणसिद्ध स्वामी, ज्यांनी आजीलाही माती दिली होती, ते मटकन खालीच बसले. त्यांनीच मग सांगितलं. म्हातारीचं लिंग कापडात घट्ट बांधलेलं होतं, गाठ सुटत नव्हती. जड लागलं, पण आत चांदीची डबी असंल असं वाटलं, म्हणून तसंच हातावर ठेवलं. दुसऱ्याच्या लिंगाची गाठ आपण सोडत नाही. बायकांनी अंघोळ घातली तेव्हा त्यांनीही हात लावला नाही. म्हातारीला शेवटी शेवटी सगळं लपवायचा नाद लागला होता, आणि घरात कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा तिच्याकडं होती. आम्ही गाद्या उसवल्या, कणग्या उपसल्या, पोराचं आयुष्य उसवलं. तिथं कुणी बघितलं नाही. बघितलंच नसतं.

स्वामींनी मणी गोळा करून श्रीशैलच्या ओंजळीत दिले. त्यानं बघितले. मग खाली वाकून आजीच्या बाजूला परत ठेवले आणि वरून माती सारली. म्हणाला, "तिचं हाय, तिच्यापाशी राहू द्या. अप्पांचं उरका, पाऊस येईल." एवढंच. मी पुढं होऊन त्याचा हात धरायला गेलो, तर तो फावडं उचलायला वाकला.

आम्ही घरी पोचायच्या आत मोबाईलवरून बातमी पोचली होती. काकू खाली मान घालून बसलेली. पोरगं आत आलं तसं तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्यानं घेतला. मला वाटलं, झालं, सुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीशैल माझ्या हापिसात आला. त्यानं पहिल्यांदाच माझ्यासमोर बसून चहा घेतला. मी कसंबसं म्हणालो, बाबा, त्या दिवशी मी बोललो ते... त्यानं हातानंच थांबवलं. म्हणाला, "अण्णा, ते जाऊ द्या. आईला घेऊन जावं म्हणतो. दोन खोल्या हायत माझ्या. एकटी इथं काय करील?" मी विचारलं, ती तुझ्याशी काही बोलली का. म्हणाला, न्हाई, आणि बोलायची गरजबी न्हाई. काही न बोलता गाडीत बसली तरी लई झालं. दुपारची गाडी होती. त्यानं दोन तिकिटं काढलेली होती.

दुपारी परत तीच माणसं, तोच ओटा. कुणाला काय बोलावं कळत नव्हतं, कारण आठ वर्षांखाली सगळेच तिथं होते. शेवटी अप्पांचा तोच चुलतभाऊ म्हणाला, महानंदा, पोरावर लई मोठा अन्याय झाला बघ. आता इथं काकूनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. रडली असती तर फारच चांगलं. पण चार माणसं बघायलेत म्हटल्यावर तिचा हात पदराकडं गेला.

"मला म्हाईतच होतं," काकू म्हणाली. "आईला कळत नसतं व्हय? माझं लेकरू सोन्याला हात लावणारं न्हाई, हे मला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं."

दोन-चार बायांनी मानाही डोलावल्या. मालिका संपल्यावर आम्ही सगळेच म्हणतो की मला आधीच वाटलं होतं. काकू तर नेहमीच म्हणायची. पण श्रीशैल आतून ताटं घेऊन येत होता आणि तो दारात थांबला.

"म्हाईत होतं?" त्यानं विचारलं. "म्हाईत होतं, तर आठ वर्षं गप बसलीस?"

श्रीशैलनं ताटं खाली ठेवली, नीट, एकावर एक. सगळ्यांना वाकून नमस्कार केला, तिलाही केला. बॅग घेतली आणि स्टँडकडं चालायला लागला. मी मागं पळालो. तो थांबला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी त्याला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा काकूच्या विरुद्ध बोललो. म्हणालो, बाबा, ती खोटं बोलली रे. तिला काही म्हाईत नव्हतं. ती आठ वर्षं तुला चोरच समजत होती, मी शपथेवर सांगतो. चार माणसांत तिची मान खाली जाऊ नये म्हणून बोलली. तुला माया करत नव्हती असं नाही, तिला चुकणं जमत नाही, एवढंच. तो म्हणाला, "मला चोर समजली ते मी सोसलं, अण्णा. चुकलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं? पण म्हाईत असून गप बसली म्हणती, ते न्हाई सोसत. तिला म्हणावं, मला म्हाईत नव्हतं, एवढं बोल. माफीबिफी नको. मी उद्याच्या गाडीनं न्यायला येतो."

मी तसाच चपला घालून काकूकडं गेलो. ती ओसरीवर एकटी बसली होती. सगळं सांगितलं. काकू, तीन शब्द आहेत, तेवढे बोला आणि पोराच्या घरी जाऊन राहा. ती म्हणाली, "नऊ महिने पोटात वागवलेल्या पोराला मी वळखलं न्हाई, असं माझ्याच तोंडानं म्हणू? मग मी आई कशाची रे, मल्लू?"

मला संताप आला. काकूचा आला, माझा आला, त्या निळ्या पडद्याचा आला. मी नको ते बोललो. म्हणालो, ओळखलं नव्हतंच तुम्ही, आणि मीही नव्हतं, दोघांनी मिळून त्याचा जीव घेतलाय, आता निदान बोला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं पाणी नव्हतं ते, मला तेवढं कळतं. ती म्हणाली, लाव फोन.

मी लावला. श्रीशैलनं पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, आई बोलतीय, आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "श्रीशैल," म्हणाली. मग विचारलं, "जेवलास का?" तिकडून तो काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "पाऊस लई हाय का तिकडं?" मी समोर बसून मान हलवत होतो, हातानं खुणा करत होतो, बोला, बोला. तिनं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. गल्लीतली एक बाई दाराशी उभी राहून ऐकत होती. काकूनं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि फोन माझ्याकडं दिला.

"कट झाला," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावला.

"न्हाई झाला, अण्णा," श्रीशैल म्हणाला. "मी हाय." आणि मग त्यानं ठेवला.